शेजाऱ्याचं जोतं आणि तुमची श्रद्धा

बावखल (आमच्याकडचं गोड्या पाण्याचं तळं) बुजवून त्यावर चार मजले चढवणारा शेजारी रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसतो. आणि आयुष्यात कुणाच्या सात-बाराकडे वाकड्या नजरेनं न पाहिलेले तुम्ही मागं, खांबाआड, जिथं पंख्याचा वारा पोचत नाही. श्रद्धा डळमळते ती नेमकी इथं. घाबरू नका. आमच्या वसईत मी याच अवस्थेत वीस वर्षं काढली, माझी श्रद्धा अजून शाबूत आहे. वापर कमी असला की वस्तू टिकते.

बायबल वाचा, पण बेतानं. 73वं स्तोत्र खास तुमच्यासाठी आहे. ते रचणाऱ्या आसाफानं त्यात आपल्या शेजाऱ्याचंच वर्णन केलंय: अंग धडधाकट, चरबीनं डोळे बाहेर आलेले, गर्व गळ्यात दागिन्यासारखा घातलेला. (आमच्याकडे तो शर्टाची वरची दोन बटणं उघडी ठेवून घालतात.) तेराव्या वचनात आसाफ म्हणतो, मी उगाचच मन शुद्ध ठेवलं. इथं पेन्सिलनं खूण करा, चौदावं वाचा आणि पुस्तक मिटा. कारण सतराव्या वचनात हा माणूस मंदिरात जातो आणि बाविसाव्यात स्वतःलाच पशू म्हणतो. आपला साक्षीदार असा भर कोर्टात उलटला तर केस राहते कुठं? तिसऱ्या वचनात तर त्यानं 'मला हेवा वाटला' असं कबूलच करून टाकलंय. ते जरा भरभर वाचा. आपल्याला हेवा वाटत नाही, आपल्याला अन्याय सहन होत नाही.

देव धार्मिकांवर आणि अधार्मिकांवर सारखाच पाऊस पाडतो, असं मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे. पण ते डोंगरावरचं प्रवचन. डोंगरावर पाणी साचत नाही, वसईत साचतं. 2018च्या जुलैत लोकल बंद पडल्या तेव्हा पाऊस आम्हां दोघांच्या छपरांवर अगदी सारखा पडला, त्यात देवाची चूक काढता येणार नाही. फक्त शेजाऱ्यानं डंपरनं भराव टाकून जोतं तीन फूट उचललं होतं. पूर्वी जे पाणी बावखलात जाऊन निमूट बसायचं ते पत्ता विचारत माझ्या स्वयंपाकघरात आलं. तांदळाचा डबा तरंगत मोरीपर्यंत गेला. आम्ही पलंगावर पाय वर घेऊन जपमाळ म्हणत होतो. समोर त्याचा ओटा कोरडा, ओट्यावर त्याचं कुत्रं, तेही कोरडं. आईनं विचारलं, "कितव्या मण्यावर आलो रे?" मला सांगता येईना. मी त्याच्या जोत्याचे विटांचे थर मोजत होतो.

तर अशा वेळी मनात एक वही ठेवा. शेजाऱ्याला मधुमेह निघाला की तारीख टाका आणि म्हणा, देव बघतो. त्याच्या पोराला बारावीत कमी गुण पडले, देव बघतो. तुमच्या पोराला पडले, तर देव आपल्या माणसांची कसोटी घेतो. बायबलातल्या ईयोबावर, एका निर्दोष माणसावर, संकटं कोसळली तेव्हा त्याच्या मित्रांनी असाच हिशेब मांडला होता आणि शेवटी देवाचा राग त्यांच्यावरच झाला. पण ते पुस्तक 42 अध्यायांचं, शेवटापर्यंत जातंय कोण?

फार घाईही करू नका. आपल्याच वसईचे संत गोन्सालो गार्सिया. 5 फेब्रुवारी 1597 रोजी त्यांना नागासाकीला क्रुसावर चढवलं. जपानचा सत्ताधीश असलेल्या ज्या हिदेयोशीच्या हुकमानं चढवलं, तो पुढच्या वर्षी वारला, पण आजारानं, आणि सत्ता हातात असताना. गोन्सालोंना संतपद मिळालं 1862 साली. म्हणजे 265 वर्षं. तुमचा अर्ज बांधकाम विभागात पडून फक्त सहा वर्षं झालीत.

एक प्रकरण मात्र टाळा: जक्कयाचं. जकातदारांचा मुखिया, लोकांना नाडून गब्बर झालेला, उंबराच्या झाडावर चढून बसला. आणि अख्खं यरीहो शहर सोडून येशू उतरला कुणाकडे, तर त्याच्याकडे. त्यानं पुढं अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, लुबाडलेलं चौपट फेडतो म्हणाला, ते राहू द्या. बाहेर उभे राहून 'पाप्याच्या घरी गेला' म्हणून कुरकुरणारे आपले लोक. त्यांना त्या दिवशी जेवायला काय मिळालं, हे लूकनं आपल्या शुभवर्तमानात लिहिलेलं नाही.

म्हणून चौथ्या मजल्याच्या आशीर्वादाला फादर येणार, तुम्हीही या, असं शेजारी फाटकाशी येऊन सांगेल, तेव्हा तत्त्वाचा प्रश्न करू नका. जा. जेवण चांगलं असतं. पायऱ्या पुष्कळ आहेत, कठडा धरून चढा. तो म्हणेल, "अंकल, इथं गॅलरीत बसा, वारा आहे." बसा, पण रस्त्याकडे पाठ करून. तिथून तुमचं अंगण अख्खं दिसतं, आणि मागच्या मे महिन्यात नवं घातलेलं तुमचं कुंपण रस्त्यात दीड हात आलंय, ते वरून फारच स्वच्छ दिसतं.