नकाशा मंजूर असला तरी जोत्याची उंची स्वतः तपासा

नमस्कार. तुमचं म्हणणं असं, की नगरपरिषदेने नकाशा मंजूर केला, बँकेने घराचा विमा काढला, मग निळी-लाल पूररेषा बघायला सांगून मी चिपळूणकरांना उगाच घाबरवतोय. पण मंजुरी म्हणजे सुरक्षितता, हे मला मान्य नाही.

निळी रेषा सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीनुसार या दोन रेषांमध्ये बांधायचं तर जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा 0.45 मीटर वर हवं. निळ्या रेषेच्या आत, म्हणजे नदीच्या बाजूला, नव्या घराला परवानगी जवळजवळ नाहीच. घोळ होतो तो मोजताना. ही पातळी समुद्रसपाटीपासून धरलेली असते आणि गवंडी मोजतो रस्त्यापासून. समजा, लाल रेषा 9.20 आणि तुमच्या दारातला रस्ता 7.10 मीटरवर आहे. मग जोतं 9.65 ला, म्हणजे रस्त्यापासून 2.55 मीटर वर. सर्वेक्षकाकडून ऑटो लेव्हल (उंची मोजायचं दुर्बिणीचं यंत्र) लावून ही खूण भिंतीवर करून घ्या, आणि जोतं भरायच्या आधी पुन्हा तपासा.

एवढी उंची भराव घालून गाठू नका. पाण्याची वाट अडते आणि ते शेजाऱ्याच्या घरात शिरतं. भरतीचंही लक्षात ठेवा: 22 जुलै 2021 ला चिपळुणात महापूर आला तेव्हा पौर्णिमा दोन दिवसांवर होती. उधाणात खाडीचं पाणी वर चढतं आणि वाशिष्ठी नदीला उतरायला जागा राहत नाही. म्हणून घर खांबांवर घ्या, खाली गाडी ठेवा. मीटर, इन्व्हर्टर, पंपाचा स्टार्टर सगळं वरच. मातीत बसवलेल्या जांभ्याच्या जुन्या भिंतीतले सांधे पाण्याने धुऊन जातात, तिथे निदान खालचे थर सिमेंटमध्ये बांधा. सेप्टिक टँकच्या बाहेर जाणाऱ्या पाइपला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह लावा, नाहीतर मैला घरात येतो.

आता विमा. बँकेची पॉलिसी बहुतेक वेळा कर्ज आणि इमारत सांभाळते. फ्रीज, कपाट, गाद्या तुमच्याच खात्यावर. 'भारत गृह रक्षा' पॉलिसीत पूर धरलेला आहे. घरासोबत सामानही घेतलं, तर इमारतीच्या विमा रकमेच्या 20 टक्के, कमाल 10 लाख, सामानासाठी आपोआप मिळतात. इमारतीची रक्कम बांधकाम खर्चावर ठरवा, जागेच्या भावावर नाही.

दुकानदारांचं दुखणं वेगळं. गणपतीसाठी जुलैतच माल भरतात आणि विमा मार्चच्या साठ्याचा असतो. माल 20 लाखांचा, विमा 10 लाखांचा, नुकसान 8 लाखांचं, तर हातात साधारण 4 लाख, कारण विमा निम्म्याच मालाचा, म्हणून भरपाईही निम्मीच. लहान उद्योगांच्या 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' पॉलिसीत मालाची किंमत आणि विमा यांत 15 टक्क्यांपर्यंतची तफावत चालते, त्यापुढे कापतात. रक्कम जूनमध्येच वाढवा. खरेदीची बिलं वरच्या मजल्यावर ठेवा. पाणी ओसरलं की भिंतीवरच्या ओलीच्या रेषेसकट फोटो काढा, आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर येऊन बघेपर्यंत भिजलेला माल फेकू नका.