इनामगावची बिनडोक्याची मूर्ती: एका प्रतिक्रियेला उत्तर

इनामगाव या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी वस्तीवरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही मला चांगलेच फैलावर घेतले आहे. पाच खोल्यांच्या एका घरावरून मी गावाचा प्रमुख उभा करतो, पण डोके नसलेल्या मातीच्या स्त्रीमूर्तीला लज्जागौरी, म्हणजे सुफलतेची बिनडोक्याची देवी, म्हणायला कचरतो. म्हणजे समाजाबद्दल धीट आणि धर्माबद्दल भित्रा, हा तुमचा पहिला आक्षेप. तिथे मृतांची डोकी उत्तरेला, म्हणजे पाय दक्षिणेला ठेवत आणि आपण आजही पाय दक्षिणेला करून झोपत नाही, हा धागा मी दडवला, हा दुसरा. आणि पाय तोडून पुरण्याची चाल मी इतक्या कोरडेपणाने लिहिली की ती माणसे आपली कुणी नव्हतीच असे वाटावे, हा तिसरा. शेवटी 'आपला धर्म जुना आहे याचेच तुम्हाला दुखते' असा टोलाही आहे. तो सोडून देतो. बाकीचे तिन्ही मुद्दे बोलण्यासारखे आहेत.

मूर्तीपासून सुरुवात करतो, कारण खरा वाद तिथे आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजने 1968 पासून पुढची बरीच वर्षे खोदकाम केले. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावे. तिथल्या एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी सापडली. आत डोके नसलेली स्त्री आणि एक बैल. स्त्रीच्या पोटाला छिद्र, बैलाच्या पाठीला छिद्र. काडी खोचली की ती बैलावर स्वार होते. झाकणावर आणखी एक स्त्रीमूर्ती होती, तिला मात्र डोके होते. आणि हे सगळे कच्च्या मातीचे. पहिल्या पावसात विरघळून जाईल अशी वस्तू कुणी शोभेला किंवा पोरांना खेळायला करत नाही. ती एका विधीसाठी केली आणि पुरून टाकली. ही पूजा होती, हे मी लेखात स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा भित्रेपणाचा आरोप मला मान्य नाही.

मी थांबतो ते पुढच्या पायरीवर. लज्जागौरीच्या मूर्ती आपल्याकडे तेर वगैरे ठिकाणी सापडतात त्या सातवाहन काळाच्या सुमाराच्या. त्यांत डोक्याच्या जागी कमळ असते आणि पाय फाकवलेला उत्तानपाद पवित्रा असतो. इनामगावच्या बाईला ना कमळ, ना तो पवित्रा. काही लज्जागौरींच्या बाजूला नंदी दिसतो, हे तुमच्या बाजूने धरा, माझी हरकत नाही. पण मधल्या काळाचे काय? इनामगाव ज्या जोर्वे संस्कृतीतले, त्या तांबे आणि दगडाची हत्यारे वापरणाऱ्या शेतकऱ्यांची गोदावरी-प्रवरेच्या खोऱ्यातली बहुतेक गावे इ.स.पू. 1000च्या सुमारास ओस पडली. इनामगाव तग धरून राहिले, तेही इ.स.पू. 700पर्यंतच, आणि शेवटी शेवटी चौकोनी घरे जाऊन गोल झोपड्या आल्या होत्या. तिथून सातवाहनांपर्यंत कित्येक शतके जातात. या शतकांतली एखादी बिनडोक्याची मूर्ती उद्या कुणी याच मुलखात थरातून काढून दाखवली, तर मी तुमच्या बाजूने लिहीन. सध्या दोन टोके आहेत आणि मधला दोर आपण मनाने ओढतो आहोत.

आता गावप्रमुख. तुम्ही म्हणता तसा तो 'एका घरावर' उभा नाही. घर वस्तीच्या मध्यावर, पाच खोल्यांचे. बाकीची घरे बहुतेक एका खोलीची. त्याला लागून धान्याचे कोठार. कुंभार, सोनार वगैरे कारागीर वस्तीच्या पश्चिमेच्या कडेला. नदीचे पाणी वळवणारा पाट आणि त्याचा बांध. असले काम एका कुटुंबाचे नव्हे, कुणीतरी माणसे लावून करून घ्यावे लागते. आणि त्या मोठ्या घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण, त्यात मांडी घालून बसवलेला प्रौढ पुरुष. गावातल्या इतर मोठ्या माणसांना उताणे निजवून, घोट्यापाशी पाय तोडून पुरलेले आहे. याचे पाय शाबूत. एकमेकांशी संबंध नसलेल्या इतक्या खुणा एकाच अंगणाकडे बोट दाखवतात. राजा होता असे मी म्हणत नाही. पण हा माणूस चारचौघांसारखा नव्हता, हे म्हणायला मला कुठल्याही पोथीचा आधार लागत नाही. मूर्तीबाबत मी हीच फूटपट्टी लावली. ती तिथे 'पूजा' एवढ्यावर थांबते, 'लज्जागौरी'पर्यंत पोचत नाही.

उत्तर दिशेचा मुद्दा पटकन आवरतो. हडप्पाच्या स्मशानातही डोकी उत्तरेलाच आहेत. चाल जोर्वेवाल्यांपेक्षा जुनी आणि कितीतरी मोठ्या मुलखात पसरलेली आहे, त्यामुळे ती कुठून कुणाकडे आली हे दिशेवरून ठरत नाही. सलगता असूही शकेल. मात्र तुम्हाला सलगताच हवी असेल तर याहून भक्कम धागा मीच देतो. इनामगावात लहान मुलांना दोन मडक्यांत, तोंडाला तोंड लावून, आडवे पुरत. आजही आपल्याकडे अनेक समाजांत थोरांना अग्नी देतात आणि तान्ह्या मुलाला पुरतात. यावर कुणी नीट काम केले तर मला वाचायला आवडेल. पण लगेच दुसरी बाजूही बघा. ते लोक मृतांना राहत्या घरात, पायाखालच्या जमिनीत ठेवत. आपण मयत होईल तितक्या लवकर घराबाहेर काढतो, घर धुऊन घेतो आणि सुतक पाळतो. मृत्यूकडे पाहण्याची तऱ्हाच उलटी आहे. पूर्वज शोधताना जुळणारे तेवढे उचलायचे आणि न जुळणारे तिथेच टाकायचे, याला मी तयार नाही.

पाय तोडण्याबद्दल. कोरडेपणाने लिहिले, कारण त्यामागचे मन आपल्याला दिसत नाही. मेलेला भूत होऊन फिरू नये म्हणून तोडले, असे बहुतेक जण सांगतात. मला दुसरी शक्यताही तितकीच खरी वाटते: त्याने घर सोडून जाऊ नये म्हणून. नुसती भीती असती तर गावाबाहेर लांब नेऊन पुरले असते. इथे ज्या जमिनीवर चूल पेटते, पोरे झोपतात, तिथेच खड्डा घेतला आहे आणि शेजारी तोटीचे भांडे आणि वाडगा ठेवला आहे. ज्याचे पाय तोडले त्याच्याच तहानेची काळजी केली आहे. ही माणसे मला परकी वाटत नाहीत. फक्त ती माझ्यासारखी होती, असे मी गृहीत धरत नाही.

राहता राहिला प्रवरेकाठच्या दायमाबाद या जुन्या वस्तीत सापडलेला धातूचा छोटा रथ, ज्यावर तुम्ही 'वैदिक रथ' म्हणून लिहायला सांगितले आहे. लिहीन. तोवर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. तो 1974 साली गावकऱ्याच्या खोदण्यात अवचित सापडला, पुरातत्त्वाच्या उत्खननात नव्हे. त्यामुळे तो नेमक्या कुठल्या थरातला, यावरच अभ्यासकांचे भांडण आहे. इनामगावची कच्च्या मातीची बाई दिसायला ओबडधोबड, पण ती कुठे, कशात, कशाबरोबर होती हे आपल्याला ठाऊक आहे. हा तांब्या-ब्राँझचा देखणा रथ त्या बाबतीत मुका आहे. आणि दुसरे, त्याला जुंपलेले बैल आहेत, घोडे नाहीत.