पांढऱ्या केसांचं मूल आणि आईवर आलेला आळ: एका फिरत्या मेसेजला उत्तर

व्हॉट्सअ‍ॅपवर गावोगाव फिरणारा मेसेज थोडक्यात असा: गरोदर बाईने ग्रहण पाहिलं किंवा दूध आणि मासे एकत्र खाल्ले की केसाकातडीने पांढरंफेक पोट्टं जन्माला येतं. ते कोडच असतं; बावचीचं तेल लावून उन्हात बसवलं की रंग भरतो. आईबाप दोघंही सावळे असतील तर 'काय ते समजून घ्या'. अशा घरात सोयरीक करू नका, आपल्याच नात्यातली पारखलेली मुलगी करा.

यातलं एकही विधान खरं नाही. बावचीचं आणि सोयरिकीचं तर उघड नुकसान करणारं आहे. अशा मुलाला असते ती वर्णहीनता (अल्बिनिझम): कातडी, केस आणि डोळ्यांत जन्मतःच पुरेसा रंग बनत नाही.

ग्रहण, दूध आणि मासे

वर्णहीनता गर्भ राहतो त्या क्षणीच ठरलेली असते. पुढच्या नऊ महिन्यांत बाईने काय खाल्लं, ग्रहणात विळीला हात लावला की नाही, याने बाळाच्या जनुकात फरक पडत नाही. सोनोग्राफीत रंग दिसत नाही, त्यामुळे 'डॉक्टरने आधी का नाही सांगितलं' हा रागही बिनकामाचा.

'दोघंही सावळे, मग मूल पांढरं कसं?'

मेसेजमधला सगळ्यात विखारी भाग हाच. बाईला माहेरी पाठवायला एवढा इशारा पुरतो, म्हणून इथे जरा सविस्तर.

कातडी, केस आणि डोळे यांचा रंग मेलॅनिनचा. रंगपेशी तो टायरोसिन या अमिनो आम्लापासून बनवतात आणि त्यासाठी टायरोसिनेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं. हे विकर बनवणारं जनुक, टीवायआर, ११व्या गुणसूत्रावर असतं. प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती: एक आईची, एक बापाची. एक प्रत बिघडलेली असली तरी दुसरी पुरेसं विकर बनवते आणि माणसाचा रंग चारचौघांसारखाच राहतो. अशा माणसाला वाहक म्हणतात. जगभराचा ढोबळ अंदाज असा की, सगळे प्रकार धरून ७० माणसांत एक वाहक असतो आणि त्याला स्वतःला याचा पत्ताही नसतो.

नवरा-बायको दोघंही एकाच जनुकाचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात ४ पैकी १ शक्यता अशी की बाळाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळतील. म्हणजे सावळ्या आईबापांच्या पोटी असं मूल येणं हीच नेहमीची तऱ्हा आहे. बिघडलेली एक प्रत बापाकडून आल्याशिवाय हे सहसा घडत नाही. मुलाचा पांढरा रंग आईविरुद्धचा पुरावा कसा होईल? 'आमच्या सात पिढ्यांत कोणी नाही' यालाही अर्थ नाही. एकेरी प्रत पिढ्यान् पिढ्या गुपचूप पुढे जाते. आणि '४ पैकी १' म्हणजे एक झालं, आता पुढची तीन चांगली, असंही नाही. दर खेपेला हिशोब पहिल्यापासून.

टीवायआर हे एकच जनुक नाही. १५व्या गुणसूत्रावरचं ओसीए२, ९व्यावरचं टीवायआरपी१, ५व्यावरचं एसएलसी४५ए२ यांच्या बिघाडानेही वर्णहीनता येते. म्हणून दोन वर्णहीन माणसांनी लग्न केलं आणि त्यांचे बिघाड वेगवेगळ्या जनुकांत असले, तर मुलं नेहमीच्या रंगाची होतात.

फक्त आईकडून मुलाकडे जाणारा एक प्रकार खरंच आहे. त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पण त्यात बाधा मुख्यतः डोळ्यांना होते, कातडी-केसांचा रंग जवळपास घरच्यांसारखाच राहतो. मेसेज ज्या 'पांढऱ्याफेक' मुलाबद्दल बोलतो ते हे नव्हे.

'कोडच आहे, बावची लावा'

कोडात रंगपेशीच मरतात, म्हणून डाग पडतात आणि पसरतात. वर्णहीनतेत रंगपेशी जागेवर असतात, पण त्यांना रंग बनवता येत नाही. दोन्हींपैकी काहीच संसर्गजन्य नाही.

बावचीत सोरालेन असतं. ते कातडीला अतिनील किरणांबाबत कितीतरी पट हळवं करतं. कोडात डॉक्टर मोजून-मापून किरण देतात, तेव्हा केसांच्या मुळांशी उरलेल्या रंगपेशी जाग्या होतात. वर्णहीन मुलात जागं करण्यासारखं काही नाही, संरक्षणाला मेलॅनिन नाही, त्यात वैशाखाचं ऊन. पाठभर फोड येतात. तेल लावून झालंच असेल तर साबणाने धुवा, दोन-तीन दिवस मुलाला उन्हात नेऊ नका, फोड आले तर न फोडता दवाखाना गाठा.

'अमक्याच्या पोराला औषधाने रंग आला' ही गोष्ट मात्र पूर्ण बनावट नसते. टायरोसिनेज अजिबात बनत नसेल तर केस जन्मभर पांढरे राहतात. थोडंफार बनत असेल तर वय वाढेल तसे पिवळसर, भुरे होतात. ते आपोआप होणारच होतं. श्रेय तेलवाल्याने घेतलं.

खरं काम ऊन अडवण्याचं. आधी कापड, मग क्रीम, कारण क्रीम महाग आणि लवकर संपतं. दाट विणीचा पूर्ण बाह्यांचा सदरा घ्या. कापड उजेडासमोर धरल्यावर आरपार दिसत असेल तर किरणही आत येतात. पुढे चोच असलेली टोपी कान आणि मान उघडी टाकते, तीन इंच काठाची गोल टोपी हवी. एसपीएफ ३० किंवा जास्तीचं क्रीम चेहरा-मानेला दोन बोटांच्या लांबीएवढं, बाहेर पडण्याआधी २० मिनिटं, मग दर दोन तासांनी. कापूस वेचणीच्या दिवसांत हवा गार असते म्हणून लोक गाफील राहतात. पण अतिनील किरणांचा गारव्याशी संबंध नाही. १० ते ४ शेतात नेऊ नका. कान, खालचा ओठ, मानेची मागची बाजू यांवरची जखम महिनाभरात भरली नाही तर कातडीच्या डॉक्टरला दाखवा, तो कॅन्सर असू शकतो.

मेसेजमध्ये नसलेलं: डोळे आणि रक्त

रोजची खरी अडचण दिसण्याची. दृष्टिपटलाचा मधला, बारीक पाहणारा भाग पुरता घडलेला नसतो आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसा नेहमीपेक्षा जास्त संख्येने बाजू ओलांडतात. डोळे हलत राहतात, उजेड सोसत नाही. चष्म्याने नंबर सुधारतो, नजर सहसा पूर्ण होत नाही. तरीही बाळ सहा महिन्यांचं होण्याआत डोळे दाखवून चष्मा लागतो का ते पाहा. शाळेत पहिला बाक, खिडकीकडे पाठ. मूल मान वाकडी करून वाचत असेल तर सरळ करायला लावू नका. त्या कोनात त्याचे डोळे कमी हलतात. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी असेल तर जिल्हा रुग्णालयात दिव्यांग प्रमाणपत्राची तपासणी करा. प्रमाणपत्र असलं की परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा मिळतात.

नाकातून वारंवार रक्त, सहज काळेनिळे डाग, मुलीला फार जास्त पाळी: वर्णहीनतेच्या हर्मनस्की-पुडलॅक या विरळ प्रकाराची ही खूण. यात प्लेटलेटची संख्या नेहमीची असते, काम बिघडलेलं असतं, म्हणून साध्या रक्ततपासणीत सापडत नाही. दात काढण्याआधी डॉक्टरला सांगा, अ‍ॅस्पिरिन देऊ नका.

'त्या घरात नको, नात्यातली करा'

आकडेच मांडू. वर्णहीन माणसाचा नेहमीच्या रंगाचा भाऊ वाहक असण्याची शक्यता ३ पैकी २. त्याने नात्याबाहेरची मुलगी केली तर प्रत्येक गरोदरपणात वर्णहीन बाळाची शक्यता सुमारे ४२० पैकी १. सख्ख्या मामाची मुलगी केली तर २४ पैकी १, कारण या भावांची आई नक्की वाहक आणि मामा वाहक असण्याची शक्यता निम्मी. वर्णहीन माणसाचं स्वतःचं घ्या: बाहेरची बायको केली तर सुमारे १४० पैकी १, मामाची मुलगी केली तर ८ पैकी १. मेसेज ज्या घरापासून सावध करतो, त्या घरात बाहेरून लग्न करून येणाऱ्या मुलीची जोखीम अगदी थोडी. आणि जी सोयरीक तो 'पारखलेली' म्हणतो तिथे ती १७ पट. याउपर कोणाला खात्री हवीच असेल तर जनुक चाचणी आधी वर्णहीन व्यक्तीची करायची, कोणत्या जनुकातला बिघाड आहे ते कळलं की मग नवरा-बायकोची. उलट्या क्रमाने केली तर काय शोधायचं तेच कळत नाही आणि पैसे वाया जातात.