अहो, मीटिंग कशाला?

ती मेल माझ्या नावाने गेली. खाली सही माझी आणि तिच्या वरची ओळ: 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू.' मी 'टू मीटिंग यू' लिहिलं होतं. बरोबर लिहिलं होतं. तरी सगळ्यांसमोर, भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, माझ्या क्रियापदाचं शेपूट छाटण्यात आलं.

छाटणारे गृहस्थ अकाउंट्सचे. त्यांचा या मेलशी काडीचा संबंध नव्हता. चार्जर शोधत आत आले होते. चार्जर सापडला तरी गेले नाहीत. बोटांभोवती वायर गुंडाळत पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अहो, मीटिंग कशाला?"

मला प्रश्नच कळेना.

"नाही, भेटायचंच आहे ना त्यांना? मग भेटू म्हणा. मीटिंग म्हटलं की अजेंडा आला, मिनिट्स आले. कशाला मागे लावून घेता?"

मी म्हटलं, ही ती मीटिंग नव्हे, हे जेरंड आहे.

"जेरंड? तेही येणार आहेत का?"

हा विनोद होता की चौकशी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. चेहरा गंभीर होता. मी सांगितलं की आयएनजी लावलेलं क्रियापद नामाचं काम करू लागलं की त्याला जेरंड म्हणतात. त्यांनी मान डोलावली, वायर पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"ते असेल हो. पण टूच्या पुढे क्रियापद मूळ रूपात. टू गो, टू ईट, टू मीट. पट्टीने मारून शिकवलंय आम्हाला."

हातावरचे वळ हा पुरावा असेल तर व्याकरणाचं काही चालत नाही. तरी मी शेवटचं अस्त्र काढलं. "'लुक फॉरवर्ड टू द हॉलिडे' म्हणतो ना आपण? त्या टूच्या पुढे नाम चालतं. म्हणजे तो मूळ क्रियापदाआधीचा, इन्फिनिटिव्हचा टू नाही, साधं शब्दयोगी अव्यय आहे. म्हणून पुढे मीटिंग."

"सुट्टीचं वेगळं," ते म्हणाले. "सुट्टीची सगळेच वाट बघतात."

खोली हसली. साहेब म्हणाले, सोपं ठेवा, 'मीट' करा. आणखी एक मीटिंग तिथे कोणालाच नको होती, त्यामुळे ठराव एकमताने पास झाला.

माझी खरी अडचण अशी की त्यांच्याकडे एक नियम होता आणि माझ्याकडे नुसती यादी. वॉन्ट, होप, रिफ्यूज यांना टू लागतो. एन्जॉय, फिनिश, माइंड यांना आयएनजी. का? तर टूचा मूळ अर्थ 'कडे', म्हणून तो पुढे बघतो आणि आयएनजी घडलेल्याकडे, असं सांगतात. 'रिमेंबर टू लॉक' म्हणजे कुलूप लावायचं लक्षात ठेवणं, 'रिमेंबर लॉकिंग' म्हणजे लावल्याचं आठवणं. इथवर छान. पण 'सजेस्ट' आणि 'पोस्टपोन' ही पुढच्याच गोष्टींची क्रियापदं, तरी त्यांना आयएनजी; आणि 'मॅनेज्ड' म्हटलं की काम होऊन गेलेलं असतं, तरी त्याला टू! 'दे मेड मी वेट' यात टू नाही. तेच वाक्य कर्मणी केलं की 'आय वॉज मेड टू वेट', म्हणजे ताटकळणाऱ्याच्याच गळ्यात टू. हे पट्टीने कसं शिकवणार?

खुद्द जाणकारांचंही जमत नाही. 'माझं जाणं' याला 'माय गोइंग' म्हणायचं की 'मी गोइंग', यावर इंग्रजी व्याकरणावर लिहिणाऱ्या फाउलर बंधूंनी १९०६ साली दुसऱ्या रूपाला 'फ्यूज्ड पार्टिसिपल' असं नाव ठेवून ते त्याज्य ठरवलं. पुढे डेन्मार्कचे भाषाशास्त्रज्ञ ओटो येस्पर्सन यांनी त्या रूपाची बाजू घेतली. मला त्या लोकांचा हेवा वाटतो. त्यांच्या वादात चार्जर शोधत कोणी आलं नव्हतं.

समोरच्यांचं उत्तर आलं: 'वी ऑल्सो लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू.' मी न बोलता ते पडद्यावर लावलं. साहेबांनी वाचलं. अकाउंट्सवाल्यांनी दोनदा वाचलं आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू घात मीच केला होता.

"बघा," ते म्हणाले, "लावली ना त्यांनी मीटिंग?"

साहेबांना हे पटलं. बाहेर जाणाऱ्या मेलांवर एक अनुभवी नजर हवी, असं ठरलं आणि ती नजर अकाउंट्सची निघाली. मला कोणी विचारलं नाही. मी मेल लिहितो, ते तपासतात. पगार अर्थातच दोघांचाही आहे तेवढाच.

काल सगळ्यांना त्यांची पहिली सूचना आली. 'प्लीज अव्हॉइड टू सेंड एनी मेल विदाउट शोइंग मी.' अव्हॉइडपुढचा टू सपशेल चूक. पण 'विदाउट शोइंग' बिनचूक, आणि जास्त राग त्याचाच आला.