आंब्याचं पान पाणी पीत नाही

हापूसची कणी, म्हणजे अगदी बारीक फळं, धरायला लागली की बागायतदारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतो. त्याचं म्हणणं असं: आंब्याचं पान छिद्रांतून पाणी पितं; भर दुपारी ही छिद्रं सताड उघडी असतात, तेव्हा झाडावर पाणी फवारा, आळ्यात कमी घातलं तरी चालेल; आणि बागेत पिंपळ लावा, तो रात्रीही ऑक्सिजन सोडतो. यंदा आमच्या वाडीत दोघांनी आळ्यातलं पाणी खरंच कमी केलं, म्हणून लिहितोय.

आधी पाण्याचं बघू. आंब्याचं एक पान तोडून हातात घ्या. वरची बाजू गुळगुळीत, मेणचट. थेंब ओघळून जातो. पर्णरंध्रं, म्हणजे मेसेजमधली ती छिद्रं, जवळजवळ सगळी खालच्या बाजूला. तिथे पारदर्शक नेलपॉलिश लावा, वाळलं की सेलोटेपने अलगद उचला आणि शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा. ओठांसारख्या दोन पेशी दिसतील, मध्ये फट. या रक्षक पेशींत पोटॅशियम शिरलं की मागोमाग पाणी शिरतं, त्या फुगून बाहेर वाकतात आणि फट उघडते. पाणी गेलं की मिटते. ती उघडते कार्बन डायऑक्साइड आत घेण्यासाठी, आणि तेवढ्यात आतली वाफ बाहेर निसटते. ही वाफ जाते म्हणूनच मुळांकडचं पाणी शेंड्यापर्यंत ओढलं जातं. फवारलेल्या खताचा थोडा अंश पानातून आत जातो, हे मान्य. पण झाडाची तहान त्याने भागत नाही. ती आळ्यातच भागवायला हवी.

दुपारचा दावा तर साफ उलटा आहे. एप्रिलात कोरडा, तापलेला मतलई वारा (जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा) सुटला आणि मुळाशी ओल नसली, की झाडात ॲब्सिसिक आम्ल हे संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि रंध्रं मिटतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही आत येत नाही, पानात अन्न तयार होणं मंदावतं. म्हणजे कणी पोसायच्या दिवसांतच आळं कोरडं ठेवलं, तर झाडाची उपासमार आपणच करतो. पाणी थोडंच असेल तर संध्याकाळी आळ्यात घाला, वर पाचोळा पसरा.

राहिला पिंपळ. पाण्याचा रेणू फुटून ऑक्सिजन तयार होतो आणि त्याला उजेड लागतो. अंधारात पिंपळही आपल्यासारखाच ऑक्सिजन वापरतो. रात्री रंध्रं उघडणारी झाडं आहेत. सिंधुदुर्गात दोडामार्गकडच्या बागांतला अननस त्यातलाच. पण तो रात्री कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लाच्या रूपात साठवतो आणि दिवसा दारं मिटून वापरतो. ऑक्सिजन त्याचाही दिवसाच.