सीलनं मान वर केली की मागे फिरायचं

पक्या इंग्लंडात नोकरी करतो. सुट्टीवर आला की संध्याकाळी कट्ट्यावर हजर. काल त्यानं मोबाइलवर नॉरफोकच्या हॉर्सी किनाऱ्यावरचा व्हिडिओ दाखवला. वाळूत सील या समुद्री प्राण्याचं पांढऱ्याशुभ्र लोकरीचं पिल्लू, आणि त्याच्यापासून दोन हातांवर एक माणूस उकिडवा बसून सेल्फी काढतोय.

"केवढं गोड आहे! मी तर हातच फिरवला असता," मन्या म्हणाला.

सुजाता उसळलीच. ती प्राणिशास्त्र शिकवते. "त्याची आई दिसतेय का कुठे? करड्या सीलची मादी जेमतेम तीन आठवडे पाजते. दूध इतकं घट्ट, की त्यात निम्मी चरबीच. तेवढे दिवस ती स्वतः उपाशी, आणि पिल्लाचं वजन तिप्पट होतं. माणसं मध्ये कडमडली की ती जवळ यायला कचरते आणि पाजणं हुकतं. कधी पिल्लाला कायमची सोडूनही जाते."

"अगं, पण समुद्रातलाच प्राणी ना? घाबरला तर जाईल पाण्यात."

"किनाऱ्यावर ते विश्रांतीला येतात, केस बदलायला येतात, वितात. कळप घाबरून पाण्याकडे सुटला की वाटेतली पिल्लं चिरडतात. नर तीनशे किलोपर्यंत भरतो, मन्या! खडकांवरून घसपटत जाताना पोटं फाटतात ती वेगळीच. सीलनं मान वर करून तुझ्याकडे बघितलं, म्हणजे तू आधीच फार जवळ गेलास."

पक्या म्हणाला, हॉर्सीला हिवाळ्यात स्वयंसेवक दोऱ्या बांधतात आणि वाळूच्या टेकाडांवरून बघू देतात. तरी काही जण दोरी ओलांडतातच. मग त्यानं लंडनची गोष्ट सांगितली. मार्च 2021 मध्ये हॅमरस्मिथ पुलाजवळ थेम्सच्या काठी एक तरुण सील निवांत पहुडला होता. लोकांनी लाडानं त्याचं नाव फ्रेडी मर्क्युरी ठेवलं होतं. मोकळ्या सोडलेल्या कुत्र्यानं त्याला असं फाडलं, की डॉक्टरांना शेवटी त्याला कायमचं झोपवावं लागलं. कुत्र्याच्या गळ्यात पट्टा आणि पट्ट्याचं टोक मालकाच्या हातात, एवढंच हवं होतं. ऐकताना माझ्या पोटात कालवलं.

मन्या तरी हटेना. "लोकांना जवळून बघूच दिलं नाही, तर जीव कसा लागणार त्यांचा?"

मला हा मुद्दा बिनतोड वाटत नाही. वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात तेव्हा आपण दोरीमागेच उभे राहतो. मन्याही उभा राहिलाय. जीव लागायला हात लावावा लागत नाही.

खरी जुंपली ती कायद्यावरून. स्कॉटलंडमध्ये सीलच्या ठरवून दिलेल्या विश्रांतीच्या जागी त्यांना मुद्दाम छळणं गुन्हा आहे. इंग्लंडात 1970 चा सील संरक्षण कायदा आहे, पण तो मारणं, जखमी करणं आणि पकडणं एवढ्यापुरताच. नुसतं हुसकावलं तर सरसकट गुन्हा नाही. सुजाता आणि मी म्हणालो, दंड हवाच. पक्याचं म्हणणं, त्या मैलोन् मैल किनाऱ्यावर पोलीस पुरणार कुठून? स्वयंसेवकच वाढवा.

माझं मत मी बदललेलं नाही. आज दोरीपाशी उभा असलेला स्वयंसेवक हात जोडून विनंती करू शकतो, बस्स. समोरच्यानं "तू कोण मला सांगणारा?" म्हटलं, तर त्याच्या मागे उभा राहायला कायदा नको का?