मिरजेत गाडी चुकली त्या एक स्टार रिव्ह्यूवर आमचं उत्तर

नमस्कार दादा, तुमचा रिव्ह्यू वाचला. फोन करून बोलता आलं असतं पण इथंच लिहायलोय, कारण खानापूर बेळगाव निपाणीकडची बरीच माणसं तिकीट काढायच्या आधी हे रिव्ह्यू वाचतात आणि तुमच्यावर जी वेळ आली ती त्यांच्यावर येऊ नये.

तुम्ही लिहिलंय की खानापूरहून मिरजेला जाणारी गाडी लेट झाली, त्यामुळं मिरजेतनं नागपूरला जायची महाराष्ट्र एक्सप्रेस चुकली, आईंना घेऊन रात्र लॉजवर काढायला लागली, दोन्ही तिकिटं आमच्याकडनं काढलेली असून पैसे फक्त एकाच तिकिटाचे परत आले, लॉजचा खर्च पण आम्ही द्यायला पाहिजे, आणि "एजंट लोकांना कमिशनशी मतलब, पुढं माणूस पोचला काय न पोचला काय".

सगळ्यात आधी आईंचे गुडघे आता कसे आहेत ते कळवा. तुमचा फोन आला तेव्हा गाडी मिरजेच्या आउटरला, म्हणजे स्टेशनच्या अलीकडं सिग्नलला, उभी होती आणि मागनं आईंचा आवाज येत होता, "बाळा इथंच उतरून चालत जाऊया काय". मी तुम्हाला दोनदा सांगितलं की रुळावर उतरू नका, गाडी गेली तर जाऊ दे. तुम्ही ऐकलात, त्याबद्दल मनापासून बरं वाटलं. वयस्कर माणसाला आउटरला खडीवर उतरवून बॅगा घेऊन पळायचं, शेजारच्या लाईनवरनं कुठली गाडी येतीय ते पण दिसत नाही, त्यापुढं नागपूरचं तिकीट काहीच नाही.

आता तिकिटाचं. काउंटरवर आमच्या पोरानं तुम्हाला तीन मार्ग दाखवले होते. एक, सकाळच्या गाडीनं मिरज गाठायचं आणि वेटिंग रूममध्ये तीनचार तास बसायचं. दुसरा, कार करून सरळ कोल्हापूर, कारण महाराष्ट्र एक्सप्रेस सुटतीयच तिथनं. तिसरा हा पन्नास मिनिटांच्या गॅपचा. तुम्ही म्हणालात आईला एवढा वेळ स्टेशनवर बसवायला नको, पन्नास मिनिटं बास झाली. त्यामागचं कारण आम्हाला पटत होतं, आईंच्या काळजीपोटीच तुम्ही तसं म्हणालात, पण धोका होता म्हणून तिकिटाच्या प्रिंटवर पेनानं "गॅप कमी, पहिली गाडी लेट झाल्यास दुसरी चुकू शकते" असं लिहून तुमची सही घेतली आणि दोन्ही पीएनआर लिंक करून दिले. हे तुम्हाला खोटं पाडायला लिहीत नाही, वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळू नये एवढंच.

लिंकचं जरा नीट सांगतो कारण यातच सगळ्यांचा गोंधळ होतो. १ एप्रिल २०१९ पासून रेल्वेनं ही सोय दिलीय, दोन गाड्यांची दोन तिकिटं एकमेकांना जोडता येतात, प्रवाशांची माहिती दोन्हीकडं सारखी पाहिजे. पहिली गाडी लेट होऊन दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचं भाडं कॅन्सलेशन चार्ज न कापता परत मिळतं, पण त्यासाठी पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून तीन तासांच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा रेल्वेचा अर्ज, भरायला लागतो. तुम्ही लॉज शोधत होता तेवढ्यात आमच्या पोरानं इथं बसून तो भरला, म्हणून पैसे आले. पहिल्या तिकिटाचे येत नाहीत कारण खानापूर ते मिरज प्रवास झालेला आहे, तो रेल्वेचा नियम आहे, आमच्या हातात त्यातलं काही नाही. आणि तिकिटं लिंक नसती तर दुसऱ्याचे पण गेले असते, दुसऱ्या गाडीच्या हिशोबानं तुम्ही आलाच नाही एवढंच दिसतं.

पण दादा, लिंकमुळं पैसे परत येतात, बर्थ परत येत नाही. तुमची पहिली गाडी लेट आहे म्हणून दुसरी थांबत नाही, आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीत जागा देण्याची सोय पण यात नाही. रिकामी जागा असेल तर नवीन तिकीट, नसेल तर वेटिंग. बरेच जण लिंक केलं म्हणजे झालं असं समजून निर्धास्त राहतात आणि काही एजंट पण गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून "मिळतीय की हो गाडी, काय होत नाही" असं बोलून टाकतात, मला ते अजिबात पटत नाही. नागपूरला लग्नाला, दवाखान्याला, परीक्षेला निघालेल्या माणसाला नंतर कधीतरी आलेले भाड्याचे पैसे काय उपयोगाचे?

लेट का होते तेही सांगतो. आपल्याकडनं मिरजेला जाणाऱ्या बऱ्याच गाड्या लांबनं येतात, हुबळीच्या पलीकडनं नाहीतर गोव्याहून लोंढ्यावरनं. गोव्याच्या बाजूला कॅसलरॉक ते कुळे घाट आहे, तिथं चढाला जादा इंजिनं लावायला लागतात, पावसाळ्यात दरड पडली की सगळंच खोळंबतं. म्हणजे खानापूरला गाडी येईस्तोवरच तिचे बरेच तास गेलेले असतात. एकदा का गाडी आपल्या वेळेतनं घसरली की पुढं वेळेवर असलेल्या गाडीला आधी सोडतात आणि ही बाजूच्या लाईनला थांबते, त्यामुळं लेट गाडी आणखी लेट होत जाते. तुमची तशीच झाली. घटप्रभेपर्यंत ॲपवर दहा मिनिटं दाखवत होतं, आम्ही पण इकडं बघतच होतो, रायबाग सोडल्यावर वाढलं, शेडबाळला आणखी वाढलं, आणि मग मिरजेच्या आउटरला उभीच. मिरज जंक्शनला पुणे, कोल्हापूर, बेळगाव आणि पंढरपूर अशा चार बाजूंनी गाड्या येतात, प्लॅटफॉर्म मोकळा झाल्याशिवाय आत घेत नाहीत. ॲपवरचा आकडा त्या घडीचा असतो, मिरजेत काय होणार ते तो सांगत नाही. म्हणून घटप्रभेला दहा मिनिटं दिसली तरी पन्नास मिनिटांच्या गॅपवर भरवसा ठेवायचा नसतो.

कोल्हापूरला रोडनं जाणं म्हणजे शंभर टक्के खात्री असंही मी म्हणत नाही. हायवेवर कागलपासून पुढं सहापदरीकरणाची कामं चालू आहेत, कुठं डायव्हर्शन तर कुठं एकच लेन. २०१९ आणि २०२१ च्या पुरात निपाणीजवळ यमगर्णीला वेदगंगेचं पाणी हायवेवर आलं होतं. आणि सीमेवर काही झालं की महाराष्ट्राची एसटी आणि कर्नाटकच्या वायव्य परिवहनच्या बस दोन्हीकडनं बंद होतात, डिसेंबर २०२२ ला झालं, फेब्रुवारी २०२५ ला झालं. म्हणून बसच्या भरवशावर रिझर्व्हेशनची गाडी पकडायची असेल तर आम्ही लोकांना आदल्या दिवशी जावा म्हणून सांगतो. पण कारनं जाताना एक फायदा असतो, निघायची वेळ आपल्या हातात असते आणि उशीर होतोय असं वाटलं तर संकेश्वरलाच कळतं. शिवाय गाडी कोल्हापुरातनंच सुटणार असल्यामुळं सुटायच्या आधी डबा उघडा असतो, आईंना घाई न करता बसवता येतं.

तुमच्या रिव्ह्यूखाली एकानं लिहिलंय की एजंटनं मिरजेत टॅक्सी करून दिली असती तर कऱ्हाडला गाडी गाठता आली असती. त्यांनाही इथंच सांगतो, आम्ही असं कधीच सुचवणार नाही. रेल्वेच्या मागं हायवेवर कार पळवायची, ती पण गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईंना मागं बसवून, आणि कऱ्हाडला पोचलं तरी प्लॅटफॉर्म कुठला, डबा कुठं, टीटीईनं बर्थ ठेवलाय का दुसऱ्याला दिलाय, काहीच माहीत नाही. तेव्हा लॉज हाच बरोबर निर्णय होता.

लॉजचं बिल आणि पहिल्या तिकिटाचे पैसे आम्ही देऊ शकत नाही, हे गोल गोल न बोलता सांगतो. आमचा सर्व्हिस चार्ज ठरलेला आहे, दारातच बोर्डवर लावलाय, त्यात गाडी वेळेवर आणायची हमी बसत नाही. पण एक बदल ऑफिसात केलाय. बरोबर साठीच्या पुढचं माणूस, लहान बाळ किंवा पेशंट असेल तर मिरजेला तीन तासांच्या आतलं कनेक्शन आम्ही काढूनच देणार नाही. पुण्याला उतरून पुढं जायचं असेल तर त्याहून जास्त, कारण अंतर वाढलं की लेट वाढायला वाव वाढतो. सही करून देतो म्हणालात तरी नाही. गिऱ्हाईक दुसरीकडं गेलं तरी चालेल. ज्यांना स्वतः मोबाईलवर काढायचंय त्यांनी काढावं, पण लिंक करायला विसरू नका आणि नावं, वय दोन्हीकडं सारखीच टाका.

स्टार किती ठेवायचे ते तुमचं तुम्ही ठरवा, आमची काही तक्रार नाही. डिसेंबरात बहिणीकडं परत नागपूरला जायचंय म्हणाला होता, तेव्हा या वेळी कोल्हापूरहूनच काढूया. आईंचं तिकीट वेगळं काढलं तर त्यांच्यासाठी लोअर बर्थच्या कोट्यातनं बघता येतंय, पण त्या जागा लवकर संपतात, बुकिंग साठ दिवस आधी उघडतं, त्याच दिवशी सकाळी या. आईंचं आधार कार्ड घेऊन या, मागच्या तिकिटात वय एका वर्षानं कमी पडलं होतं ते पण बरोबर करून घेऊ.